बेचाळीस फेअर वह्या

माझा आवाज मोठा आहे आणि राग त्याहून मोठा. कळंबोलीत आमच्या शाळेच्या मागच्या रस्त्याने स्टील मार्केटचे ट्रेलर पत्र्याच्या कॉईल घेऊन जातात. त्यांचा हॉर्न वाजत असतानाही बाईंचं बोलणं शेवटच्या बाकावर ऐकू येतं, असं मुलं आपापसात कौतुकाने सांगतात. त्या आवाजात मी पंधरा वर्षं विज्ञान शिकवलं. शिकवलं म्हणजे धडा वाचला, समजावला आणि प्रश्नोत्तरं फळ्यावर लिहून दिली. मुलांनी ती आधी रफ वहीत उतरवायची आणि घरी जाऊन फेअर वहीत सुवाच्य लिहायची. फेअर वहीला खाकी कव्हर, वर लेबल, आत समास, प्रत्येक उत्तराखाली पट्टीने ओढलेली रेघ. मी लाल पेनाने टिक करायची, खाली सही ठोकायची. वर्षातून दोनदा मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, त्या वह्या मागवून माझ्या सह्या तपासायच्या. कुणाची काही तक्रार नव्हती.

मग एके दिवशी घाईत मी फळ्यावर लिहून गेले की पाणी शंभर अंश सेल्सिअसला गोठतं. सहावी बच्या बेचाळीस मुलांनी ते उतरवून घेतलं. एकानेही मान वर केली नाही. चार दिवसांनी फेअर वह्या तपासायला आल्या तेव्हा ते वाक्य सुंदर अक्षरात, खाली रेघ मारून, माझ्यासमोर होतं, आणि मी त्यावर टिक करत चालले होते. तिसाव्या वहीला माझा हात थांबला. आधीच्या एकोणतीस वह्यांवर माझी सही झाली होती.

मी स्टाफरूममध्ये एकटीच हसले आणि मग मला स्वतःची लाज वाटली. पाण्याचं राहू द्या, ते मुलांना घरच्या फ्रीजने शिकवलं असतं. मला लागलं ते हे, की घरी बर्फ बघणारी मुलं माझ्या तासाला बसली की स्वतःचे डोळे दप्तरात ठेवत होती. आणि ती सवय त्यांना मीच लावली होती. त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी ठरवलं की जूनमध्ये हीच मुलं सातवी ब मध्ये आली की फेअर वही बंद.

जूनमध्ये मी वर्गाला नियम सांगितले. वही एकच. जे समजलं ते आपल्या शब्दांत लिहायचं. जे समजलं नाही तेही लिहायचं, प्रश्न करून. चुकलेलं खोडायचं नाही, आडवी रेघ मारून शेजारी लिहायचं की का चुकलं. आणि मी चुकीवर फुली मारणार नाही. पानाच्या तळाशी फक्त आकडा लिहीन. तीन लिहिलं तर पानावर तीन चुका आहेत, त्या तुमच्या तुम्ही शोधायच्या. शेजाऱ्याला विचारा, पुस्तक उघडा, मैदानावर जाऊन करून बघा. आपल्या शिकण्याचं आपण ठरवायचं, असं मी त्या दिवशी ठासून म्हटलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग मी विचारलं, "बोला, या धड्यातलं तुम्हाला काय जाणून घ्यायचंय?" शेवटी मागून एक आवाज आला, "बाई, यातलं परीक्षेत काय येणार?"

पहिला महिना माझे हाल कुत्रं खात नव्हतं. मुलं आकड्याकडे बघून रडकुंडीला यायची. शेजारच्या वर्गातल्या सरांनी दोनदा येऊन सांगितलं की तुमच्या वर्गाच्या गोंगाटाने माझी मुलं पाढे विसरतात. एका आईने गेटवर गाठून विचारलं, "बाई, तुमी शिकवत नाय का आता?" मी घरी येऊन भांडी आपटायची. पण मी हट्टी आहे. एकदा म्हटलं की म्हटलं.

जुलै संपता संपता वर्ग हलला. अंतर आणि विस्थापन हा भाग होता. जितकं चाललात ते अंतर, आणि निघालेल्या जागेपासून पोचलेल्या जागेपर्यंत सरळ रेषेत जितकं ते विस्थापन. मी सुतळीचा गुंडा देऊन मुलांना मैदानावर सोडलं. पाण्याच्या टाकीपासून झेंड्यापर्यंत वळसा घालून मोजा, मग सरळ मोजा. परत आल्यावर एक जण हात वर करून म्हणाला, "बाई, टाकीपासून टाकीपर्यंत आलो तर?" मी उत्तर दिलं नाही. डबा खायच्या सुट्टीत चौघं जण भिंतीला टेकून त्यावर भांडत होते, डबे तसेच उघडे. ते भांडण मी खिडकीआडून ऐकलं. पंधरा वर्षांत माझ्या विषयावर कुणी डबा थंड केला नव्हता. मला इतका आनंद झाला की मी पुढचा तास उगाच सगळ्यांवर ओरडले.

वर्गात एक मुलगी होती, वर्गप्रमुख. तिचे वडील स्टील मार्केटचा ट्रेलर चालवायचे, आठवड्यातले चार-पाच दिवस बाहेर. लातूरकडचं कुटुंब, सेक्टरमधल्या बैठ्या घरात राहणारं. तिचं अक्षर असं होतं की शाळेच्या फलकावरचा सुविचार तीच लिहायची. सुंदर वहीचं बक्षीस पाचवीत तिला, सहावीतही तिला. माझ्या नव्या नियमांत मात्र ती गप्प झाली होती. तिच्या वहीत चुका कमी असायच्या, कारण ती लिहायचीच कमी. मी तिच्यावर चिडायची. "एवढी हुशार तू, एक प्रश्न लिहिता येत नाही तुला?" ती मान खाली घालायची. मला वाटायचं, घाबरट आहे.

सप्टेंबरच्या सुरुवातीला मोठ्या बाईंनी बोलावलं. त्या वाईट नाहीत. पंचवीस वर्षं त्यांनीही विज्ञानच शिकवलंय, आणि शाळेचा पट टिकवायला त्या किती वणवण करतात ते मला माहीत आहे. टेबलावर माझ्या वर्गाच्या दोन वह्या होत्या, खाडाखोड केलेल्या.

"बाई, तुमच्या हेतूवर माझी शंका नाही," त्या म्हणाल्या. "पण पालक वही बघतात, हेतू नाही बघत. दोन आठवड्यांनी वही तपासणी आहे. सातवी बच्या चालू घटकाच्या वह्या मला नीट दिसल्या पाहिजेत. नाहीतर दिवाळीनंतरच्या वेळापत्रकात सातवी ब दुसऱ्या बाईंकडे. तुम्ही पाचवी घ्या."

पाचवीशी माझं वैर नाही. पण ही बेचाळीस मुलं आता कुठे तोंड उघडायला लागली होती, आणि अर्ध्यावर ती दुसऱ्या हातात गेली की आठ दिवसांत पुन्हा फळा उतरवायला लागतील, हे मला लख्ख दिसत होतं. मला तो वर्ग वर्षअखेरपर्यंत हवा होता. तरीही मी मोठ्या बाईंना म्हटलं, "वह्या आहेत तशाच दाखवीन." बाहेर आले तर दारात वर्गप्रमुख हजेरीपुस्तक घेऊन उभी. मी तिच्यावर खेकसले आणि वर्गाकडे गेले. कुणाला काही सांगितलं नाही. मुलांना कशाला टेन्शन, असा माझा विचार.

तपासणीच्या शुक्रवारी मी वर्गप्रमुखाला सांगितलं, वह्या गोळा कर आणि ऑफिसात ठेव. शनिवारी सकाळी मोठ्या बाईंनी बोलावलं, आणि चक्क हसल्या.

"मनावर घेतलंत. शाबास," त्या म्हणाल्या. "मी दहा-बारा उघडून पाहिल्या. अशी वही असली म्हणजे मला पालकांसमोर बोलता येतं. तुमच्या सह्या राहिल्यात, तेवढ्या करून टाका. सातवी ब तुमच्याकडेच राहील."

टेबलावर गठ्ठा होता. बेचाळीस वह्या, नवं खाकी कव्हर, डिंकाचा वास अजून येत होता. मी वरची वही उघडली. पहिल्या पानावर 'वही क्रमांक २', म्हणजे पहिली भरली म्हणून ही घेतली असं वाटावं. आत शेवटचे तीन धडे, गाईडमधली उत्तरं, शब्द न् शब्द. मी दुसरी उघडली, तिसरी उघडली. मुलांची अक्षरं वेगवेगळी होती, पण मथळे आणि व्याख्या सगळीकडे एकाच हाताच्या. तो हात मला माहीत होता. फलकावर रोज दिसायचा.

आणि मी काय केलं? मी म्हटलं, "थँक यू, बाई," आणि बाहेर आले. जिन्यात मी कठडा धरून उभी राहिले. माझ्या हातात सातवी ब परत आली होती. फक्त गप्प बसायचं होतं.

वर्गात शिरले तेव्हा सगळे माझ्या चेहऱ्याकडे बघत होते, खूश. मी दार लावून घेतलं आणि फुटले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. तीन महिने मी घसा फोडला तो कशासाठी, एवढं आठवतं. हॉर्नवरही ऐकू जाणारा आवाज त्या दिवशी नक्कीच रस्त्यापलीकडे गेला असणार. मी दम घ्यायला थांबले तेव्हा वर्गप्रमुख उभी राहिली.

"बाई, तुमाला पाचवीला टाकनार होते ना. मी ऐकलं ऑफिसच्या बाहेर. म्हनून आमी रोज शाळा सुटल्यावर बसलो, सोसायटीच्या हॉलमध्ये."

"मला विचारलंत?"

"तुमीच म्हनलात, आपलं आपन ठरवायचं," ती म्हणाली. ती बसली नाही. "आमी ठरवलं."

मी पहिल्या बाकावर दोन मुलींच्या मध्ये जाऊन बसले. या मुलांनी माझ्यासाठी आठवडाभर खेळायचं सोडून बोटं मोडेपर्यंत नक्कल केली होती. माझ्यावर माया केली होती, आणि त्या मायेने मी जे उभं करत होते ते सगळं पाडून ठेवलं होतं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

थोड्या वेळाने उठून मी फळ्याकडे गेले आणि लिहिलं: 'बाईंच्या चुका'. म्हटलं, "पहिली मीच सांगते. आत्ता मोठ्या बाई मला शाबास म्हणाल्या, आणि त्या वह्या खऱ्या नाहीत हे दिसत असून मी गप्प बसले. का, तर मला तुम्हाला सोडायचं नव्हतं." मी एकचा आकडा घातला. "अजून आहेत. तुम्ही शोधा."

खिडकीजवळचा एक जण म्हणाला, "तुमी आमाला सांगितलंच नाय. वर्ग आमचा पन होता." मी दोन लिहिलं. तो बरोबर होता. वर्ग माझ्याकडे राहणार की नाही याचा निकाल ज्यांच्या वह्यांवर लागणार होता, त्यांनाच मी अंधारात ठेवलं होतं.

"तिसरी पन आहे," वर्गप्रमुख म्हणाली.

"बोल."

ती एका दमात म्हणाली, "मला एकच गोष्ट चांगली यायची. ती तुमी बंद केली. जूनमध्ये. मला विचारलं पन नाय."

तीन महिने मी जिला घाबरट समजत होते, तिच्याकडून मी तिचं एकुलतं एक बक्षीस काढून घेतलं होतं आणि वर तिला विचारत होते की तू बोलत का नाहीस. मुलांनी स्वतः ठरवावं हेसुद्धा मी एकटीनेच ठरवलं होतं. मी तीन लिहिलं. माझं अक्षर वाकडं आलं.

"आता काय करायचं?" मी विचारलं. "मी ऑफिसात जाऊन खरं सांगणार, ते माझं ठरलंय. ती माझी चूक, ती मी दुरुस्त करणार. सांगितल्यावर कदाचित दिवाळीनंतर मी तुमच्याकडे नसेन. तुमच्या वह्यांचं काय करायचं ते तुम्ही बघा."

मग जे झालं त्याला गोंधळ म्हणतात, पण मी मधे पडले नाही. काही म्हणाले, बाई, कशाला सांगता, सुटलाय ना विषय. काही म्हणाले, खोटं किती दिवस चालेल, वार्षिकला परत तपासतील. एकीने शेजारच्या मुलाला विचारलं की आठवडाभर लिहिलंस त्यातलं तुला काय आठवतंय, आणि त्याला काहीच आठवेना, यावर सगळे हसले. शेवटी एकेकाने दप्तरातून खरी वही काढून माझ्या टेबलावर ठेवली. कोपरे दुमडलेल्या, तेलाचे डाग पडलेल्या, रेघांनी भरलेल्या वह्या. वर्गप्रमुखाने तिची सगळ्यात शेवटी आणली. "मी येते तुमच्याबरोबर," ती म्हणाली. "फेअर वह्यांची आयडिया माझी होती."

मोठ्या बाई चहा पीत होत्या. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, आणि सकाळी गप्प बसल्याचंही सांगितलं. त्यांचा चहा निवला. त्या रागावल्या, आणि त्यांना तो हक्क होता. "म्हणजे मी खोट्या वह्यांना शाबास म्हटलं," त्या म्हणाल्या. मग मुलीकडे वळल्या. "तुझी कुठली?"

गठ्ठ्यात तिची फेअर वही होती, सगळ्या बेचाळिसांत देखणी. मोठ्या बाईंनी ती काढून समोर ठेवली. मुलीने शेजारी आपली खरी वही ठेवली आणि त्यावर बोट ठेवलं. "ही."

मोठ्या बाईंनी चष्मा लावून ती चाळायला सुरुवात केली. पानं अर्धी रिकामी होती, माझे आकडे तळाशी, त्यातले काही तिने सोडवलेले, काही तसेच. मला वाटलं, संपलं. शेवटच्या लिहिलेल्या पानावर त्या थांबल्या. त्यांनी ते वाचलं आणि वही माझ्याकडे सरकवली. ते पान मीही पाहिलं नव्हतं. गुरुवारची तारीख होती, पेन्सिलीने लिहिलेलं, त्याच वळणदार अक्षरात:

'विस्थापनाची व्याख्या आज बेचाळीस वेळा लिहून झाली. पप्पा कॉईल घेऊन इंदूरला गेले आणि पाच दिवसांनी घरी आले. निघाले तिथेच परत आले म्हणून विस्थापन शून्य. पुस्तकात आहे की विस्थापन शून्य तर कार्य शून्य. मग पप्पा एवढे दमतात कशाने?'

मी ते दोनदा वाचलं. मला तिच्याकडे बघवेना. तीन महिने मी जो एक प्रश्न मागत होते तो तिने नक्कल करता करता लिहिला होता, आणि तो मला कुठल्या गाईडमध्ये सापडला नसता.

मोठ्या बाईंनी खुर्ची पुढे ओढली. त्यांचा आवाज बदलला होता, मुख्याध्यापिकेचा राहिला नव्हता. "अगं, ये इकडे. हे बघ, गाडी जाताना रस्ता तिला मागे ओढतो की नाही? येतानाही..." त्यांनी पेन्सिल उचलली.

मुलीने पानावर हात ठेवला. मुख्याध्यापिकेच्या ऑफिसात, त्यांच्याच टेबलावर.

"बाई, सांगू नका ना," ती म्हणाली. "मी शोधतेय."

मोठ्या बाई पेन्सिल धरून बघत राहिल्या, आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि खाकी कव्हरांचा गठ्ठा माझ्याकडे ढकलला. "हे घेऊन जा," मला म्हणाल्या. "दिवाळीनंतर मी तुमच्याच तासाला, सातवी ब मध्ये येऊन बसणार आहे. तेव्हा हिचं उत्तर ऐकीन. आणि उत्तर नसेल तर आपण बोलू."

मी हो म्हटलं. मुलीने वही मिटून छातीशी धरली.

"तेवढे दिवस नाय लागनार, बाई," ती मोठ्या बाईंना म्हणाली. "पप्पा रविवारी येतायत. पहिलं त्यांनाच विचारते, कुठं कुठं दुखतं ते."